समुद्रावर पोचलेलं हसू

नवऱ्याने जहाजाची कंपनी बदलली आणि जुन्या कंपनीची ईमेल बंद झाली. आमच्या दोघांचं खातं एकच. मी घरून लिहून ठेवायचं, त्याने जहाजावरून वाचायचं. नवी सेवा निवडायचं काम माझ्यावर आलं. आमच्या तान्ह्या ठमीसाठी डॉक्टर शोधताना घेतली होती तितकीच धास्ती मी याचीही घेतली.

"वहिनी, जागा भरपूर देणारी घ्या," दीर म्हणाला. "ठमीच्या फोटोंना गोदाम लागेल."

मला जागेपेक्षा कुलूप हवं होतं. लेकीचे फोटो भलत्याच कुणी चाळलेले मला चालणार नव्हते. म्हणून सगळ्यांत कडेकोट सेवा घेतली. पासवर्ड तर हवाच, वर दर वेळी मोबाइलवर येणारा आकडा. ठमी पहिल्यांदा खळखळून हसली, ते रेकॉर्ड करून तिथे ठेवलं आणि निर्धास्त झाले.

बरेच दिवस उत्तर नाही. मग जहाजाच्या ऑफिसकडून त्याचा निरोप आला: आकडा फोनवर येतो म्हणे. भर समुद्रात फोनला रेंज कुठली?

सासूबाई ठमीला थोपटत म्हणाल्या, "चोर राहिला बाजूला, घरधनीच दाराबाहेर."

दीर हसला. मला हसू येईना. नवरा परत येईल तेव्हा ठमी चालत असेल. हे हसू त्याला कुठून मिळणार?

पुन्हा शोधायला बसले. या वेळी प्रश्न एकच: जहाजावरच्या मुंगीच्या पावलांनी चालणाऱ्या इंटरनेटवर हे उघडेल का? एक छोटी, पैसे घेणारी सेवा सापडली. साधं पान, जाहिराती नाहीत, आकड्याऐवजी लांबलचक वाक्याचा पासवर्ड चाले. ठमीचं हसू तिथे ठेवलं आणि पासवर्ड काय ते ऑफिसमार्फत त्याला कळवलं, "ठमीला पहिल्यांदा हातात घेऊन तू जे बोललास, ते वाक्य."

त्याला आठवेल का, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. सोबत इवलीशी ध्वनिफीत. मागे इंजिनाची घरघर, आणि तिच्यातून त्याचा आवाज: "ठमे, हसलीस म्हणे. सगळ्या खलाशांनी ऐकलं."

ठमी थबकली. फोनच्या मागे वाकून बघू लागली.

चहूकडे नुसतं पाणी, कुठे तार नाही, खांब नाही, आणि त्यावरून हिचं हसू जाऊन बापाचा आवाज घेऊन आलं होतं. सासूबाई हळूच म्हणाल्या, "परत लाव गं."