रुमालाखाली काय?

सगळा घोळ माझ्यामुळे झाला, हे आधीच सांगून टाकते. व्हिडिओ मी काढला. मोबाईल माझा, आणि तो स्टेटसला ठेवायची हौसही माझीच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी धनश्री. शनिशिंगणापूरला दिलेली. सासरे गोरक्षनाथ, त्यांना मी मामा म्हणते. आमच्या बचत गटाच्या बायकांबरोबर मी खवा आटवते आणि देवळाच्या रस्त्यावरच्या दुकानांना पेढे पुरवते. विकतच्या दुधाच्या खव्याला चव येईना, म्हणून घरचीच एक म्हैस घ्यायची ठरली. म्हैस म्हणजे घोडेगावचा शुक्रवारचा बाजार, आणि घोडेगावचा बाजार म्हणजे लालमहंमद चाचा.

चाचा जनावरांचे व्यापारी. मामांची आणि त्यांची दोस्ती तीस वर्षांची. आमच्या गोठ्यात जे जनावर आलं ते चाचांच्या हातून आलं, आणि प्रत्येक वेळी भांडून आलं. घोडेगावात भाव तोंडाने सांगत नाहीत. घेणारा आणि विकणारा एकमेकांचा हात धरतात, वरून रुमाल टाकतात आणि आत बोटं दाबून भाव ठरवतात, म्हणजे बघणाऱ्याला आकडा कळत नाही. तोंड मात्र मोकळं राहतं. त्या मोकळ्या तोंडाने हे दोघं काय बोलतात ते ऐकायला शेजारचे व्यापारी आपला धंदा सोडून येतात.

"लाल्या, ही म्हैस हाय का म्हशीची सावली?"

"तुज्या डोळ्यात मोतीबिंदू झालाय गोरख, म्हैस काय करील!"

"तीस वर्सं लुटतोयस मला!"

"लुटायला तुज्याकडं हाय काय?"

एक सौदा दोन-तीन शुक्रवार चालतो. पहिल्या बोटाला 'हो' म्हणायचं नाही, हा बाजाराचा रिवाज. पहिल्या बोटाला हो म्हणणारा एक तर नवखा, नाहीतर संबंध मिटवायला आलेला. मामांच्या चुलत्यांनी एकदा एका व्यापाऱ्याचा बैल असा पहिल्या भावाला घेतला, आणि मग उभ्या जन्मात त्याच्या दावणीकडे फिरकले नाहीत. घासाघीस चालू आहे म्हणजे पुढच्या शुक्रवारी भेटायचं आहे.

तर त्या शुक्रवारी कपाळावर चांद असलेल्या एका म्हशीवरून दोघांची जुंपली होती आणि मी ते मोबाईलवर टिपलं. चांगला अडीच मिनिटांचा व्हिडिओ. पहिला भाग भांडणाचा. मग सौदा अर्धाच सोडून दोघं खो खो हसतात, मामा कपातला अर्धा चहा बशीत ओतून चाचांपुढे धरतात. मग चाचा जुम्म्याच्या नमाजाला निघतात आणि जाता जाता म्हणतात, "जनावरांवर नजर ठेव रे, येतो मी." मामा त्यांच्या बाजेवर जाऊन बसतात. हेही तीस वर्षांचंच. स्टेटसवर मी लिहिलं, 'आमचे हिरो'. त्रेचाळीस जणांनी पाहिलं.

रविवारी तो व्हिडिओ माझ्याकडेच परत आला, पण वेगळाच होऊन. कुठल्याशा चॅनलने त्यातले बावीस सेकंद कापून घेतले होते. चहा गेला, हसू गेलं, नमाज गेला. मामांचं तोंड वासलेलं, चाचांचा हात आवळलेला, सगळं संथ केलेलं, आणि रुमालाभोवती लाल गोल. खाली ठळक अक्षरांत, 'भरबाजारात दोन समाज आमनेसामने! रुमालाखाली काय?' पाठीमागे धडाम धडाम संगीत. दोन लाख लोकांनी पाहिलं होतं.

खरं सांगते, तो व्हिडिओ मीच काढलेला, तरी त्या संगीतावर बघताना क्षणभर मला चाचांच्या डोळ्यांची भीती वाटली. ज्या माणसाने माझ्या लग्नात पंगतीत जिलेबी वाढली, त्याची! मग स्वतःचीच इतकी लाज वाटली की मोबाईल पिठाच्या डब्यात टाकला.

संध्याकाळी शेजारचा मच्छिंद्र आला. आमच्या गावात घराला दार नसतं, पडदा असतो. मच्छिंद्रच्या घराला तर पडदाही फाटका. असा माणूस मामांना सांगायला लागला, "दादा, गोठ्याला कुलूप लावा. दिस चांगले न्हाईत. काय झालं तर आमी हाय."

"काय व्हनार हाय?" मामांनी विचारलं.

"ते मला काय म्हाईत? पन आमी हाय."

मी मूळचा पूर्ण व्हिडिओ पुन्हा टाकला. चॅनललाही पाठवला, त्यांनी उत्तर दिलं नाही. मच्छिंद्रला जबरदस्तीने दाखवला. चहाची बशी येईपर्यंत तो जांभया देत होता. म्हणाला, "वहिनी, ह्यात काय हाय बगन्यासारखं?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण त्याचं चुकलं नव्हतं. चहा पिणारी दोन म्हातारी माणसं बघायला कोण थांबतं?

मामा मात्र तो कापलेला व्हिडिओ पुन्हा पुन्हा बघत राहिले. शेवटी म्हणाले, "धनश्री, मी असा दिसतो व्हय? लाल्याला घरात पोरं काय म्हनत असतील? भरबाजारात मी त्याला असं बोलतो."

"मामा, तुम्ही तीस वर्षं तसंच बोलता."

"तवा दोन लाख लोक न्हवते बगत."

पुढच्या शुक्रवारी मामा बाजाराला गेलेच नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. माणूस जेवायचा, झोपायचा, पण घरात आवाज नव्हता. एरवी दूध उतू गेलं तरी गल्ली डोक्यावर घेणारा माणूस मला "बाळा, पानी देतीस का" म्हणायला लागला, तेव्हा मी हादरले. मंगळवारी जहिराचाचींचा, म्हणजे चाचांच्या बायकोचा फोन आला.

"धनश्री, तुजे मामा बरे हायेत ना? हे लई गोड बोलाया लागलेत. काल मला 'तुमी' म्हनले. मला तर कायतरी दुखनंच वाटतंय."

"चाची, इकडेही तेच दुखणं आहे."

"इम्रान म्हनतो, अब्बा, जपून ऱ्हावा, त्यांच्या बाजूची मानसं चिडल्यात. हे म्हनतात, गोरख चिडला असंल तर त्याचं बरोबरच हाय. ह्या शुक्रवारी त्यांना घिऊन ये बाई. मशीचं राहू दे, मानसांचं बग."

मी गुडघ्याचं काही ऐकलं नाही. मामांना शुक्रवारी मोटारसायकलवर मागे बसवलं आणि घोडेगाव गाठलं.

बाजारात पोचलो तर चाचांच्या दावणीपाशी ही गर्दी! मच्छिंद्र चार जणांना घेऊन आमच्या आधीच हजर. पलीकडे चाचांचा मुलगा इम्रान आपले चार मित्र घेऊन उभा. मध्ये एक हवालदार. गेली कित्येक वर्षं त्या जागी माणसं कशीही उभी राहायची, पाय पडेल तिथे. त्या दिवशी इकडे आमची रांग, तिकडे त्यांची रांग, आणि सगळ्यांचे मोबाईल वर. कुणी कुणाला दम देत नव्हतं. सगळे फक्त 'काय झालं तर' म्हणून आले होते.

मामांनी ठेवणीतला सदरा घातला होता. चाचांचा कुर्ता इस्त्रीचा.

"नमस्कार, लालमहंमदभाई."

"नमस्कार, गोरक्षनाथराव. या, बसा. घरची मंडळी बरी ना?"

"तुमच्या कृपेनं. जनावर झकास हाय हं तुमचं."

"तुमची पारख मोठी."

सोयरिकीच्या बैठकीत व्याही बोलतात तसे बोलत होते दोघं. हवालदार खूश झाला. मला मात्र तिथेच डोकं आपटावंसं वाटलं.

चाचांनी त्याच चांदवाल्या म्हशीसाठी हात पुढे केला. मामांनी आपला हात दिला. वर रुमाल पडला. चाचांनी आत बोटं दाबली, नेहमीप्रमाणे अव्वाच्या सव्वा भावाची. हे मला त्यांनी नंतर सांगितलं. गोरखने एकदा तरी ठणाणा करावा म्हणून मुद्दाम चढवून सांगितला होता. मामांनी ओरडायला तोंड उघडलं. त्यांनी गर्दीकडे पाहिलं, मोबाईलकडे पाहिलं, आणि अगदी हळू म्हणाले,

"मंजूर हाय."

चाचांचा चेहरा उतरला. "काय म्हनला?"

"मंजूर म्हनलं. तुमी सांगाल तो भाव."

मामांच्या मनात होतं, लोकांसमोर दोस्ताच्या मालाला नावं ठेवायची नाहीत. पण बाजाराच्या भाषेत त्याचा अर्थ एकच, आणि तो चाचांना लागला. मलाही लागला. म्हैस माझी झाली होती आणि मला रडू येत होतं.

"पहिल्या बोटाला?" चाचा म्हणाले. "तीस वर्सांनी तू पहिल्या बोटाला व्हय म्हनतो? मिटवाया आला व्हय गोरख?"

"न्हाई रे, मी आपलं…"

"काय आपलं?" चाचांचा आवाज चढला. "डोळे फुटले का तुजे? एवढा भाव हाय का हिचा? कास बगितली का? शिंगं बगितली का, एक पूरबला, एक पच्छिमला!"

स्वतःच्याच म्हशीला नावं ठेवणारा व्यापारी घोडेगावने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मामांचा पारा चढलाच.

"ए लाल्या! माज्या मशीला नावं ठेवायची न्हाईत!"

"तुजी कशी? मी दिली का?"

"मंजूर म्हनलं का झाली माजी!"

"भाव कमी कर आदी!"

"करनार न्हाई! पैसा माजा, तू कोन सांगनारा?"

"मी कोन? मी कोन म्हनतो? भाव पाडल्याशिवाय मशीला हात लावून दाव!"

आता आली का पंचाईत! मच्छिंद्रने बाही सरसावली होती, पण कुणाच्या बाजूने बोलावं ते त्याला कळेना. "दादा," तो चाचरत म्हणाला, "त्ये तर कमीच मागाया लागलेत…" तिकडून इम्रान म्हणाला, "अब्बा, ते जास्त देतायत तर घ्या ना!"

"तू गप!" दोघं म्हातारे दोन्हीकडे ओरडले.

हवालदार लगबगीने पुढे झाला. "आजोबा, शांत व्हा, सामोपचारानं…"

"तुमी मधी पडू नका!" हे दोघांच्या तोंडून एकदमच निघालं, आणि हवालदार दोन पावलं मागे सरकला तो थेट शेणात.

आधी इम्रान हसला. मग मच्छिंद्रच्या तोंडून एक फुर्रकन आवाज आला. मग सगळी दावण हसायला लागली. हवालदार बूट झटकत हसत होता. मोबाईल खाली आले, कारण हसताना मोबाईल हलतो. दोन रांगा होत्या तिथे पुन्हा नुसती गर्दी झाली.

ह्या सगळ्या गोंधळात दोघांचे हात रुमालाखालीच होते. रुमाल नुसता उड्या मारत होता. शेवटी मामांनी हात उपसला आणि चाचांच्या हातावर सणकून टाळी दिली. भाव काय ठरला ते मी सांगणार नाही. रुमालाखालचं रुमालाखाली.

"मला वाटलं," मामा डोळे पुसत म्हणाले, "चारचौघांत परत तसं बोललो तर तुला वाईट वाटंल."

"येड्या, दोन आठवडे कुनी शिव्या दिल्या न्हाईत मला. घशाखाली घास उतरंना."

चहा आला. कप एकच, बशी एकच. मच्छिंद्रही ओशाळा होऊन चहाला थांबला, आणि बिल इम्रानने दिलं. मग चाचांनी घड्याळ पाहिलं, टोपी नीट केली, आणि जाता जाता मागे न बघताच म्हणाले, "जनावरांवर नजर ठेव रे, येतो मी."

मामा त्यांच्या बाजेवर मांडी घालून बसले. सवयीने माझा हात पर्सकडे गेला. पण हातात चांदीचं दावं होतं. हो, म्हशीचं नाव मी तिथल्या तिथे चांदी ठेवलं होतं, आणि ती मला ओढत होती. मोबाईल पर्समध्येच राहिला.

तेवढ्यात कोल्हारकडचा एक शेतकरी आला. त्याने मामांना खालून वर न्याहाळलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "व्हिडिओतले ते भांडनारे तुमीच ना? त्यातले लालमहंमद तुमी का गोरक्षनाथ?"

मामांनी चाचांचा रुमाल उचलून आपल्या हातावर टाकला आणि हात त्याच्यापुढे केला.

"जुम्मा सुटंपतूर दोनी मीच हाय. म्हैस घ्यायची का नुसती नावंच विचारायची?"