क्षमेची ओळ

थोरला सोफे शिवायचा आणि देवाची पदं रचायचा. दोन्हींत हात बसलेला. तोंडात खिळे धरून शब्द जुळवायचा आणि संध्याकाळी दुकानामागच्या खोलीत चार माणसं जमली की गाऊन दाखवायचा. प्रत्येक पदात तो पामर, तो अपराधी, तो देवाच्या पायाची धूळ. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. बायको मात्र म्हणायची, "देवापुढे धूळ होता ना, मग घरात चहा जरा निवला की एवढं आकाशपाताळ का एक करता?"

शेवटच्या ओळीत देव त्याला क्षमा करायचाच. न करून सांगतो कुणाला? ती ओळ लिहिणाराही हाच होता.

धाकटा भाऊ इस्पितळात आहे, आता काही खरं नाही, असा निरोप आला तेव्हा थोरला हातातलं काम टाकून निघाला.

धाकटा पूर्वी याच दुकानात कामाला होता. एका बड्या गिऱ्हाइकाची निळी मखमल थोरल्याने बेतली आणि पाठीचा तुकडा उलट्या लवेचा, म्हणजे मखमलीचे तंतू उलट दिशेला झुकतील असा, कापला. सोफा शिवून झाला तर बैठक फिकी आणि पाठ काळपट. गिऱ्हाईक भडकलं. थोरल्याने सरळ धाकट्याकडे बोट दाखवलं. "याच्या हाती कात्री दिली, तिथेच चुकलं." धाकटा दुसऱ्या दिवसापासून यायचा बंद झाला. गोष्ट बाजारभर झाली होती. पुन्हा कुणी त्याला कात्रीला हात लावू दिला नाही. जन्मभर तो टेम्पोत गाद्या चढवत राहिला. थोरल्याने त्याच आठवड्यात पश्चात्तापाचं पद रचलं, आणि ते सगळ्यात जास्त गाजलं.

खाटेवर धाकट्याचा नुसता सापळा उरला होता. डोळे तेवढे लख्ख जागे. थोरला स्टुलावर टेकला, पण तोंडात पदातलेच शब्द आले. "मी अपराधी, मी पामर..."

"ते गाणं ऐकलंय मी, दादा," धाकटा म्हणाला. "चांगलं आहे."

थोरल्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तो कसाबसा बोलला, "मखमल मी कापली होती. माहीत असून तुझं नाव पुढे केलं. माझी अब्रू जाईल म्हणून. मला माफ कर रे." आयुष्यात पहिल्यांदा तो खरोखर कुणापुढे वाकला होता.

धाकट्याने नजर छताकडे वळवली.

"खूप वर्षं वाट पाहिली मी याची," तो म्हणाला. "आता आत शोधतोय, पण माफी काही सापडत नाही. रागही नाही उरला. देव करत असेल तुला माफ. त्याचं काय जातं? हात माझे गेले."

थोरल्याने रडत रडत त्याचे पाय धरले. धाकट्याने, अंगात होतं नव्हतं ते बळ लावून, ते आखडून घेतले.

तेवढ्यात नर्स आली. "वेळ संपली. आता घरचंच माणूस थांबेल. हे कोण तुमचे?"

थोरला 'भाऊ' म्हणणार, त्याआधीच धाकटा म्हणाला, "पूर्वी मी यांच्याकडे कामाला होतो."

यात खोटं काय होतं? थोरल्याने उघडलेलं तोंड मिटलं.

"मग निघा काका," नर्स म्हणाली, आणि तिने दार धरलं.