माझ्या पोटातलं पाणी

मी बोटीचं इंजिन बोलतोय. हँडलला हात लावण्याआधी माझं ऐका, कारण त्या सकाळी ऐकायला कुणालाच वेळ नव्हता.

उमेदीची वर्षं मी कळसाडीत विहिरीवर काढली, केळीला पाणी पाजत. वीज आली आणि मी गोठ्यात धूळ खात पडलो. तिथून रूपसिंग पावराने मला धडगावपलीकडे, नर्मदेवरच्या धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे मागे अडलेल्या पाण्यावर आणून बोटीत बसवलं. रस्ता नसलेल्या पाड्यांचा मीच रस्ता झालो.

मागे एकदा माझ्या सिलिंडरमध्ये पाणी शिरलं. शहाद्याचा मेकॅनिक गोपाल आला, पाणी अडवणारं गॅस्केट बदललं आणि म्हणाला, "आते एक थेंब बी येवाव नही." मला काही ते पटलं नाही.

त्या सकाळी रिनाला कळा सुरू झाल्या. नवरा ईश्वर आणि सासू फुलीबाई तिला घेऊन काठावर आले, दवाखाना पलीकडे. रूपसिंगने हँडल फिरवलं, ते मध्येच अडकलं. ईश्वर म्हणाला, दोघं मिळून जोर लावू. माझ्या पोटात पुन्हा पाणी शिरलं होतं. हवा दाबली जाते, पाणी दबत नाही. आतला दांडा वाकला असता आणि रिना काठावरच राहिली असती.

रूपसिंगने त्याचा हात धरला. पावरी बोलीत म्हणाला ते मराठीत सांगतो: "घाई आहे म्हणूनच थांब."

त्याने ऑइलची पट्टी पाहिली. ऑइल दुधाळ झालं नव्हतं, म्हणजे गॅस्केट शाबूत होतं. मग डिझेलचं नोझल खोलून पाण्याला वाट केली आणि मला हळूहळू फिरवलं. मागच्या सिलिंडरमधून पाणी उडालं, काजळीने काळं झालेलं. काजळी तर धुराच्या नळीत असते. तो मागे धावला. नळीचं तोंड पाण्याखाली होतं.

आदल्या संध्याकाळी त्यानेच बोटीचं नाक काठावर ओढून ठेवलेलं, रिनाचे पाय चिखलात भरू नयेत म्हणून. गरोदर बाईसाठी इथे सगळे तसंच करतात. रात्रीत धरणाचं पाणी उतरलं. नाक वर राहिलं, शेपूट बुडालं. माझ्या मनात गॅस्केट बिचारं उगाच बदनाम झालं.

बोट पाण्यात ढकलली, नळी रिकामी केली. मी ठसकत, पांढरा धूर ओकत सुरू झालो. रिना गुडघाभर चिखलातून, फुलीबाईचा खांदा धरून चढली. पैलतीर येईपर्यंत माझं सगळं लक्ष मागच्या सिलिंडरकडे होतं.

रिना मुलगी घेऊन परतली. आता रूपसिंग बोट लांब दोराने पाण्यातच बांधतो. तरी पाणी उतरू लागलं की मला धसका बसतो. बायांनो, पाय धुता येतात. मला काठावर ओढू नका. पाड्यावर अजून दोघींचे दिवस भरत आलेत.