बोलता येईल इतकाच वेग

यंदा नवरात्रात आमच्या पोळमध्ये, म्हणजे आमच्या गल्लीत, मला मानाची खुर्ची मिळाली. चौकात गरब्याचा दिवा मांडतात, त्याच्या शेजारी, लाल गादीची. माझ्या मुलाने, मौलिकने, मंडळातल्या बायकांना आधीच पढवून ठेवलं होतं. "वसुबेन, तुम्ही आता नुसतं बसून आशीर्वाद द्यायचे," इंदुबेन म्हणाली. ही माझ्याहून मोठी, जिना उतरताना दर पायरीला अंबामातेचं नाव घेते, आणि आशीर्वाद द्यायला बसवते कोणाला, तर मला. मी बसले, पण मनातून नुसती जळत होते.

आमच्या नडियादला गरबा गाऊन देणारी एक असते आणि बाकीच्या बायका तिची ओळ झेलतात. ती एक म्हणजे मी. सासूबाईंचा आवाज बसला तेव्हापासून मीच. पण अलीकडे पोरींनी साऊंडवाला आणायला सुरुवात केली होती, आणि मी आजारी पडल्यावर तर त्यांना रानच मोकळं मिळालं.

आजारी म्हणजे काय झालं, तर उन्हाळ्यात छुंद्यासाठी कैऱ्या किसत होते आणि छातीत दाटून आलं. आम्ही गुजराती माणसं छातीत दुखलं की आधी सोडा पितो. मीही प्यायले. ढेकर आला तशी उठले आणि पुन्हा किसणी हातात घेतली. मौलिकने माझा घामेजलेला चेहरा बघून मला उचलून गाडीत घातलं म्हणून वाचले. हृदयात स्टेंट बसला. मग इस्पितळातल्याच व्यायामाच्या वर्गाला जाऊ लागले, पट्ट्यावर चालायचं, सायकल मारायची. तिथे व्यायाम घ्यायला फोरम नावाची डॉक्टरीण होती, माझ्या नातीच्या वयाची, पण बोलायची माझ्या सासूसारखी.

"मासी, बोलता येईल इतकाच वेग ठेवायचा," ती म्हणायची. "वाक्य तुटायला लागलं की वेग कमी."

"आणि गाता आलं तर?"

"गाता येत असेल तर अजून थोडा जोर लावा. लाड पुरे."

वर्ग संपला त्या दिवशी तिने मला दारापर्यंत सोडलं. "इथे यायचं संपलं, चालायचं नाही संपलं. घरी नुसत्या बसलात तर पुन्हा याल, आणि मग माझ्याकडे नाही, वरच्या मजल्यावर, नळ्या लावून."

मी तिला शब्द दिला. पण घरी आले तर माझं सगळं कामच काढून घेतलेलं. भाजी ऋजुता, माझी सून, आणणार. देवळाला रिक्षाने जायचं. गच्चीवर पापड वाळत घालायला गेले तर मौलिक खालून ओरडला. मुलाचं प्रेम होतं ते, मला काय कळत नाही का? पण त्या प्रेमाने माझ्या पायांतलं बळ जाऊ लागलं होतं. वर्गात मी जेवढी चालत होते तेवढं आता चालले की मांड्या थरथरायच्या. याची मला भीती वाटत होती. हृदयाची तेवढी नव्हती.

तर त्या पहिल्या संध्याकाळी मी खुर्चीत बसून बघत राहिले. साऊंडवाल्याने गाणी अशी पळवली की बायका घामाघूम झाल्या. इंदुबेन दुसऱ्याच फेरीत बाजूला झाली, तिच्यामागून आणखी चौघी-पाचजणी. तोंडाने कोणी गातच नव्हतं ना. जी गाते तिला कळतं आपला श्वास कुठे संपतो ते. साऊंडच्या खोक्याला काय, त्याला छातीच नाही.

घरी येताच मी फोरमला फोन लावला. "गरबा? खुशाल करा," ती म्हणाली. "सुरुवात हळू, थांबणंही हळू. छातीत जड झालं की बाहेर यायचं आणि गोळी घ्यायची. सोडा नाही."

मग मौलिकला सांगितलं की उद्या मी गाऊन देणार.

"बा, तू वेडी आहेस का?"

"डॉक्टरीणबाई हो म्हणतात."

"डॉक्टरीण गाडीत नव्हती, मी होतो," तो म्हणाला. मग खाली बघत बोलला, "तू सगळ्या रस्ताभर बडबडत होतीस. लोणचं झाक, गॅस बंद कर, दुधाचं भांडं. आणि रेल्वेच्या फाटकाशी बोलायची थांबलीस. बापूजी गेले तेव्हाही असेच गप्प झाले होते."

माझं काळीज तुटलं. एवढा मोठा पोरगा, दोन मुलांचा बाप, आणि उन्हाळ्यापासून हे एकटाच घेऊन फिरत होता. मी त्याच्या केसांतून हात फिरवला. "मग असं कर. माझ्याबरोबर रिंगणाबाहेरून चाल. मधूनमधून काहीतरी विचार. मी नीट उत्तर दिलं नाही तर तू हात धरून बाहेर काढ. मी एका शब्दाने भांडणार नाही."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला आरती झाली. साऊंडवाला तारा जोडत होता तोवर मी पहिली ओळ उचलली. म्हाताऱ्या बायकांनी सवयीने झेलली, आणि त्यांच्यामागून पोरींनीही. दोन टाळ्यांचा, सावकाश गरबा. ओळ माझी, मग त्यांची. त्यांची चालू असेपर्यंत मला श्वास मिळत होता. जुन्या बायकांनी ही रीत उगीच नव्हती पाडली.

मौलिक बाहेरून चालत होता, खिशात गोळ्या घेऊन. "बा, दुपारी काय केलं होतं?"

"दुधीचे मुठिये. तू मोजलेसुद्धा नाहीस, इतके खाल्लेस."

पुढच्या फेरीला, "मामी कुठल्या?"

"पेटलादच्या, आणि अजून तोऱ्यात असतात."

बायका हसल्या, पण त्यांनी ओळ सोडली नाही. मी तीन टाळ्यांवर गेले. पाय आधी कुरकुरले, मग त्यांना ओळख पटली. छाती स्वच्छ होती. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं, आणि मी ते पुसलंही नाही. खुर्चीवर आता इंदुबेन बसून टाळ्या देत होती.

बाहेरची फेरी आतल्यापेक्षा लांब पडते, हे मौलिकच्या लक्षात आलं नव्हतं. दुकानात दिवसभर गल्ल्यावर बसणारा माणूस, वर मुठिये. त्याचे प्रश्न आखूड होत गेले. "दूध... आलं?" मी म्हटलं, "आलं, तापवलं, विरजणही लावलं." नंतरच्या फेरीला नुसतंच, "बा..." आणि त्यापुढच्या फेरीला तोंड उघडलं, पण शब्द काही बाहेर येईना. कमरेवर हात ठेवून तो माझ्याकडे बघत राहिला.

बायका ओळ झेलत होत्या तेवढ्यात मी त्याच्यापाशी वळून, एकही शब्द न तोडता म्हणाले, "उद्यापासून रोज सकाळी माझ्याबरोबर तळ्यावर चालायला यायचं. वेग मी ठरवणार आणि प्रश्नही मीच विचारणार."

नाही म्हणायलाही श्वास लागतो, आणि तो त्याच्यापाशी नव्हता. त्याने मान हलवली, आणि मी पुढची ओळ उचलली.