मोठ्या मापाचा झोका

मी झोका बोलतोय. बागेत शिरलात की उजव्या हाताला, पाण्याच्या टाकीपलीकडे, दोन लोखंडी खांबांच्या मधे लटकतो तो मी. सध्या माझ्यावर कुणीतरी बसलेलं आहे, त्यामुळे तुम्हाला उभ्यानेच ऐकावं लागेल. शिवाय बोलता बोलता मी पुढे-मागे होत राहीन, तेवढं समजून घ्या.

माझा जन्म एका वेल्डरच्या दुकानात झाला. दुकान कसलं, पत्र्याची शेडच. तिथे फाटकं, जिन्याचे कठडे, खिडक्यांच्या जाळ्या अशी सगळी गंभीर मंडळी तयार व्हायची. त्यांच्यात मीच काय तो खेळकर. साखळी जाड, फळी रुंद आणि फळीच्या कडा हाताने घासून गुळगुळीत केलेल्या. काम संपल्यावर वेल्डरने मला शेडच्या तुळईला टांगलं आणि स्वतः बसून पाहिलं. चांगला वजनदार गडी होता. "मला पेललं ना, मग हा कुणालाही पेलेल," असं तो बायकोला म्हणाला. "बघू," म्हणून तीही बसली. मग ती उतरेचना, आणि त्या दिवशी दोघांचं जेवण गार झालं.

मला मागवलं होतं जवळच्या वसाहतीच्या बाग समितीने. या जागेवर आधी नुसता राडारोडा पडलेला असायचा. समितीच्या मंडळींनी तो उचलून नेला, माती टाकली, रोपं लावली, बाकं आणली. खरंच राबली हो माणसं. अध्यक्ष इतके उंच की पोरं त्यांना खांबकाका म्हणायची. सचिवबाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण त्यांचा आवाज अजून नोकरीत होता.

मला टांगायच्या दिवशी फळी जमिनीपासून किती वर ठेवायची यावर बरीच चर्चा झाली. शेवटी वेल्डर म्हणाला, "अहो, कुणीतरी बसून बघा की." सगळ्यांनी खांबकाकांना पुढे केलं. ते बसले, पाय हलवून पाहिले आणि म्हणाले, "वा! आरामशीर आहे." मग खजिनदार बसले. सचिवबाई काही बसल्या नाहीत, त्यांनी लांबूनच मान डोलावली. सर्वानुमते माझी उंची ठरली. झोका मुलांसाठी होता आणि मुलं तेव्हा शाळेत होती, हे मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी मुलं आली आणि घोटाळा उघडा पडला. माझी फळी कुणाच्या छातीला लागली, कुणाच्या हनुवटीला. काही शूरवीर पोटावर आडवे पडून वाळत घातलेल्या कपड्यांसारखे लोंबकळले. आईबापांनी उचलून बसवलं तर पाय अधांतरी, आणि उतरायची वेळ आली की भोकाड. समितीतली माणसं एकमेकांची तोंडं बघत राहिली. चूक कबूल करायची तर सगळ्यांनाच करावी लागली असती. "वाढतील की पोरं," असं म्हणून खांबकाकांनी विषय मिटवला.

पोरं वाढेपर्यंत मी काय माशा मारत बसणार होतो? माझ्याकडे मोठी माणसं यायला लागली. त्यांची एक गंमत आहे. मोठं माणूस येऊन सरळ झोक्यावर बसत नाही. आधी साखळीला हात लावून, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखं उभं राहतं. मग फोन काढून बघतं. मग पाय दुखल्यासारखं करून टेकतं, चारी बाजूंना नजर टाकतं आणि तेव्हा कुठे पायाने जमीन रेटतं. दवाखान्यातली नर्स यायची, टपाल वाटणारा यायचा. गणिताचे क्लास घेणारे एक सर तर चष्मा खिशात ठेवून इतके उंच जायचे की मलाच गरगरायचं. कुणी येताना दिसलं की हे सगळे एकदम वाकून बुटाची नाडी बांधायला लागायचे. मला फार आवडायची ही माणसं.

पण जीव जडला तो चिमीवर.

चिमी म्हणजे कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या ताईंची मुलगी. आईपेक्षा वीतभर उंच, केसांत एखादी पांढरी बटही डोकावायला लागलेली. मन मात्र चार-पाच वर्षांच्या पोरीचं. जन्मापासूनच ती तशी आहे. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की ताई दुकानाचं शटर ओढून तिला घेऊन यायच्या. "दुसऱ्या बागांतल्या झोक्यात ही मावतच नाही हो," असं त्या एकदा बागेच्या वॉचमनमामांना सांगत होत्या. "साखळ्या कमरेला रुततात. इथे बघा कशी ऐसपैस बसते!" ज्या मापाला सगळी वसाहत हसत होती, तेच तिला बरोबर बसलं होतं. मी तर हुरळूनच गेलो.

पुढे जाताना चिमी ओरडायची आणि मागे येताना एकदम गप्प व्हायची. दिवसभर उभं राहून ताईंचे खांदे भरून आलेले असायचे, पण ती "अजून" म्हणाली की त्या अजून ढकलायच्या.

मग एक दिवस सचिवबाईंचा नातू माझ्यावर चढायला गेला आणि तोंडावर आपटला. हनुवटीला टाके पडले. बाईंचा जीव अर्धा झाला. पुढची बैठक माझ्यासमोरच भरली. "बाग मुलांसाठी आहे," बाई म्हणाल्या. "मोठी माणसं झोका अडवतात आणि मुलं पडतात. झोका खाली घ्या आणि बारा वर्षांवरच्यांना बंदी करा." ठराव झाला. बाईंचं चुकलं असंही मला म्हणवेना, कारण पोर माझ्याचवरून पडलं होतं. पण मी खाली आलो की चिमीचे गुडघे तिच्या छातीला लागणार होते, आणि बंदीची पाटी लागली की तिला माझ्याजवळसुद्धा येता येणार नव्हतं.

त्याच आठवड्यात वेल्डर शिडी घेऊन आला. सचिवबाई नवी पाटी हातात धरून देखरेखीला उभ्या राहिल्या. वेल्डर शिडीवर चढून पिशवीतून नट सोडवायचे पाने काढतोय तोवर चिमी धावत येऊन बसलीसुद्धा.

"हिला उतरवा," सचिवबाई ताईंना म्हणाल्या. "आता मोठ्यांना इथे बसता येणार नाही."

ताईंनी पाटी वाचली. "बाई, ही नुसती वयाने मोठी आहे हो. हिला मी दुसरीकडे कुठे नेऊ? घरात खाट आणि दुकानात इस्त्री. तिसरी जागा हीच."

"मला कळतं हो. पण माझ्या नातवाला टाके पडलेत. एकाला सूट दिली की सगळेच मागतात."

ताईंनी मान खाली घातली आणि चिमीचा हात धरला.

चिमी दोघींकडे बघत होती. पाटी, ठराव, यातलं तिला काही कळत नव्हतं. झोक्याजवळ उभं राहून कुणी चिडलेलं असलं, तर त्याचं एकच कारण तिला ठाऊक होतं. त्याची पाळी आलेली नसते. ती उतरली आणि सचिवबाईंचा दंड धरून त्यांना माझ्याजवळ घेऊन आली.

"तुझी पाळी," ती म्हणाली. "रडू नको. बस."

"अगं, मी नाही..."

"बस ना. मी ढकलते."

बाई बसल्या. का बसल्या, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. चिमीने त्यांच्या पाठीच्या मधोमध तळवा ठेवला, आई तिला ढकलायची अगदी तसा, आणि हळूच ढकललं. बाईंनी साखळ्या घट्ट आवळल्या. मांडीवरची पाटी घसरून पडली, मागोमाग चपला पडल्या. वेल्डर शिडीवरच थबकला. चारेक हेलकाव्यांनी बाईंची पकड सैल झाली आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"पुरे गं आता," त्या म्हणाल्या.

"नाही. अजून आहे तुझी."

बाई उतरल्यावर चिमीने त्यांना चपला आणून दिल्या, त्याही उलटसुलट. बाईंनी चष्मा पुसला आणि वेल्डरला म्हणाल्या, "याला हात लावू नका. शेजारी दुसरा लावा, खाली. आणि या वेळी शाळा सुटल्यावर माप घ्या." पाटी त्यांनी काखेत मारली आणि घरी नेली.

आता माझ्याशेजारी माझा बुटका भाऊ लटकतो. दिवसभर त्याच्यावर पोरांचा कलकलाट असतो आणि हनुवटीवर वण असलेला तो नातू त्यात सगळ्यात पुढे. माझ्या फळीचा रंग उडालाय, पण अंगात जोर आहे. चिमी रोज दुपारी येते. हल्ली तिला ढकलायला बऱ्याचदा सचिवबाई असतात. "तुम्ही टेका जरा," म्हणून त्या ताईंना बाकावर बसवतात. पहिल्या दिवशी ताईंना रिकाम्या हातांचं काय करावं तेच कळेना. त्या रुमालाच्या घड्या घालत आणि मोडत बसल्या. आता त्यांना सवय झाली आहे. आत्तासुद्धा त्या समोरच्या बाकावर आहेत, मान एका बाजूला कललीय आणि दुकानाची किल्ली मुठीत तशीच आहे.

तेव्हा जाता जाता एवढं एक काम करा. माझी वरची कडी अलीकडे फार कुरकुरते. तेलाचे दोन थेंब घाला तिच्यात. चिमीला अजून पुष्कळ वेळ झुलायचंय, आणि तिची आई झोपली आहे.