सरळ भांग

फॉर्मच्या चौदाव्या रकान्यात "नहीं" लिहिलं सौमित्रने, पण लिहायला लावलं मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे दोष कुणाला द्यायचा याचा घोळ नको.

रकाना असा होता: कभी किसी मादक पदार्थ का सेवन किया है, अथवा उसका उपचार लिया है? हाँ किंवा नहीं. नोकरी सरकारी कारखान्याच्या सुरक्षा विभागातली. लेखी झाली, धावणं झालं, छाती मोजून झाली, लघवीसुद्धा तपासून झाली. उरली होती फक्त पोलिसांची चौकशी. चार महिन्यांनी वयाची अट आडवी येणार होती. म्हणजे ही शेवटची. नाहीतर जबलपूरच्या सदर बाजारातलं तेच दुकान, जिथे तो सहा वर्षांपासून दुसऱ्यांच्या वर्दीचे बूट-पट्टे विकतो.

एकोणिसाव्या वर्षी सौमित्र खोकल्याचं औषध प्यायचा. नशेसाठी, बाटलीच्या बाटली. दीड वर्ष हे चाललं. मग नागपूरच्या एका केंद्रात तीन महिने राहिला आणि सुटला. शेजारीपाजारी सांगितलं होतं, पोरगा कोचिंगला गेलाय. त्याला आता बारा वर्षं झाली.

मला हे त्यानेच सांगितलं, लग्न ठरायच्या आधी. अमरावतीला मला बघायला आले होते तेव्हा गच्चीवर आम्हाला दहा मिनिटं बोलायला दिली. त्यातली आठ त्याने यातच घालवली. त्याच्या आधी आलेल्या दोघांनी नुसता पगार सांगितला होता. म्हणून मी याला हो म्हटलं.

आणि तरीही आमच्या घरात अवंतिकाचं खोकल्याचं औषध कपाटात कुलपात असतं. अवंतिका आमची तीन वर्षांची. थंडी पडली की तिची छाती भरते. किल्ली माझ्या बांगडीतल्या पिनेला. सौमित्रने कधी विचारलं नाही, काहून. तिला औषध द्यायची वेळ झाली की तो मला हाक मारतो आणि चमचा धुऊन हातात घेऊन उभा राहतो.

फॉर्म भरताना चौदाव्या रकान्याशी त्याचं पेन थांबलं. सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणते, पण त्या देवळात गेल्या होत्या.

"खरं लिहू?" त्याने विचारलं.

"लिही. आणि बूट वीक जन्मभर."

त्याने "नहीं" लिहिलं.

चौकशीला पोलीस थान्यातून चौकसेजी हवालदार आले ते मंगळवारी, अकराच्या सुमारास. सौमित्र दुकानात होता. मी आत अवंतिकाला वाफ देत होते, आणि सासूबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या. त्यांच्याकडून मी चार दिवस घोकून घेतलं होतं, काहीही विचारलं तरी एवढंच सांगायचं, मुलगा सरळ आहे. त्या चिडल्या होत्या. सरळच आहे माझा पोरगा, मला काहून पढवून राहिली, म्हणाल्या.

चौकसेजी कागदावरचे प्रश्न वाचत होते ते आत ऐकू येत होतं. मारामारी, केस, कुणाशी भांडण. सासूबाई प्रत्येकाला नाही म्हणत होत्या. मग ते म्हणाले, "अम्मा, कोई नशा-पत्ती? भांग-वांग?"

ओळखीचा शब्द आल्यावर सासूबाईंचा जीव भांड्यात पडला असावा.

"भांग? वो तो रोज पाड़ता है," त्या म्हणाल्या. "एकदम सीधा. बचपन में मैं ही पाड़ती थी, तेल लगा के."

कागदावर पेन खरखरलं. "आप खुद?"

"और कौन? स्कूल जाने के पहले. इसके बाप का भी वैसाच था."

मी अवंतिकाच्या डोक्यावरचा टॉवेल तसाच हातात घेऊन बाहेर धावले. म्हटलं, भैया, मराठीत भांग म्हणजे मांग, बालों की. स्वतःच्या भांगातल्या कुंकवावर बोट ठेवून दाखवलं. चौकसेजी इतके हसले की चहा बशीत सांडला. सासूबाई मात्र मेथीकडे बघत बसल्या. त्यांचा जन्म गेला जबलपुरात, शिवरात्रीची भांग त्यांना माहीत नाही असं थोडंच आहे. पण विषय मुलाचा निघाला आणि त्यांना कंगवा आठवला.

अडचण अशी की चौकसेजींनी पेनाने लिहून टाकलं होतं: माता के अनुसार बचपन से भांग का आदी. काट-पीट केली तर साहेब विचारतील, ते म्हणाले. तुम्ही असं करा, भैयाला उद्या थान्यात पाठवा. त्याने आपल्या हाताने लिहून द्यायचं की ही भाषेची चूक आहे, आणि मी आयुष्यात कधी कोणतीही नशा केलेली नाही. साक्षीदार म्हणून खाली पत्नीची सही. एक लाइन की बात है, बहूजी.

सासूबाई संध्याकाळपर्यंत एकच म्हणत होत्या, मी तर सरळच सांगितलं ना.

दुसऱ्या दिवशी सौमित्रने अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली. अवंतिकाचा खोकला वाढला होता म्हणून तिलाही कडेवर घेतलं. थान्यात लाकडी बाकावर बसून त्याने अर्ज लिहायला घेतला. भांगाचं प्रकरण त्याने छान लिहिलं. चौकसेजींनी ते शेजारच्या टेबलावर वाचून दाखवलं, तिथला माणूस उठून सौमित्रचे केस बघून गेला. भांग खरंच सरळ आहे त्याचा, फूटपट्टीने आखल्यासारखा.

"अब वो लाइन," चौकसेजी म्हणाले.

पेन थांबलं. त्या दिवशी थांबलं होतं तसंच. मी त्याच्या हाताकडे बघत होते. पाच वर्षं तेच करते आहे, त्याचे हात बघते, डोळे बघते, दुकानातून यायला वीस मिनिटं उशीर झाला की शर्ट धुवायला टाकताना नाकाशी धरते.

अवंतिका खोकायला लागली. "तिला औषध दे ना," तो म्हणाला, आणि माझ्या पर्सकडे पाहिलं.

बाटली माझ्या पर्समध्ये होती. घर सोडताना मी ती बरोबरच घेते, अगदी तो माझ्याबरोबर असला तरी. हे त्याला ठाऊक आहे हे मला तेव्हा कळलं. मी बाटली काढली, टोपण उघडलं, टोपणानेच पाच मिली पाजलं. माझे कान तापले होते. सरकार एकदा विचारून राहिलंय, मी रोज विचारते. कुलूप लावून विचारते. आणि त्याने मला गच्चीवर एकदाच सांगितलं होतं ते खरं होतं.

"खरं काय ते लिही," मी म्हटलं.

"मग बूट विकत बसू?" टोमणा नव्हता त्यात. थकला होता तो.

"वीक."

त्याने लिहिलं. साल, केंद्राचं नाव, तीन महिने, त्यानंतर काही नाही. मी खाली सही केली. चौकसेजींनी कागद वाचला आणि त्यांचं हसू गेलं. "ये काहे लिख दिया भैया," ते म्हणाले, "भांग तो मैं निपटा देता."

तीन आठवड्यांनी नोटीस आली. कारण बताओ. मी ती उभ्यानेच वाचली, मग बसून वाचली. खोकल्याच्या औषधावर त्यांचं फारसं म्हणणं नव्हतं. दहा वर्षांहून जुनं आणि उपचार पूर्ण झालेलं प्रकरण विचारात घेता येतं, असं दुसऱ्या परिच्छेदात साफ लिहिलं होतं. म्हणणं होतं ते चौदाव्या रकान्यावर. "नहीं" लिहून माहिती दडवली, तेव्हा उमेदवारी रद्द का करू नये, पंधरा दिवसांत उत्तर द्या.

म्हणजे त्याने केलं होतं ते माफ होण्यासारखं होतं. मी करायला लावलं ते नव्हतं.

सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणून राहिले?"

"विचारून राहिले, 'नहीं' कुणी लिहिलं."

उत्तर मीच लिहिते आहे. हिंदी माझी अजून कच्ची, दोनदा फाडलं. त्यात एक वाक्य ठेवलंय, की हे "नहीं" माझ्या सांगण्यावरून लिहिलं गेलं. सौमित्र म्हणतो काढ ते, बायकोचं ऐकतो तो पहारा काय देणार, असं म्हणतील. मी काढलेलं नाही. त्याने काही फरक पडेल असंही नाही. चौकसेजी फोनवर म्हणाले, अशी प्रकरणं महिनोन् महिने पडून राहतात, आणि वयाची अट कुणासाठी थांबत नाही.

बाटली सोमवारपासून कुलपात नाही. आरशाखालच्या फळीवर आहे, कंगवा आणि तेलाच्या शेजारी. सोमवारी सौमित्र दुकानात गेल्यावर मी ती खिडकीशी नेऊन उजेडात धरली. होती तेवढीच होती. मंगळवारी पण धरली, खोटं कशाला सांगू.

आज बुधवार. उत्तराची रजिस्ट्री करायला मला मदन महलच्या पोस्टात जायचंय. तो न्हाऊन आरशासमोर उभा राहिला, तेल लावलं, भांग पाडला आणि दुकानात गेला. बाटली तिथेच आहे. अजून बघितली नाही.