ओळखीची साक्ष

सकाळी शकुंतलाबाई वांगी तोडत होती, तर दोन माणसं धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, टेप धरून तिचं वावर मोजताना दिसली. आता आपल्या डोळ्यांदेखत कोणी आपलं वावर मोजायला लागलं तर माणसाने काय गप बसावं? टोपलं तिथेच टाकून ती तरातरा गेली.

"काऊन जी, कोणाचं वावर मोजून राह्यले?"

"मधुकररावचं," त्यातला एक म्हणाला. "वर्धेचे कपड्याचे व्यापारी. आज सेलूले रजिस्ट्री हाय. हरिदासचा धनंजय विकून राह्यला त्यायले."

धनंजय म्हणजे तिच्या दिराचा पोरगा. शकुंतलाबाई तशीच घराकडे पळाली.

झालं होतं असं. हिंगणीचे बाबाराव, म्हणजे शकुंतलाबाईचा नवरा, आणि हरिदास हे सख्खे भाऊ. वाटणीत विहिरीचं वावर धाकट्या हरिदासच्या नावावर चढलं आणि जंगलाकडचं थोरल्या बाबारावच्या. पुढे दोघांनी अदलाबदल केली, पण तोंडी. धुऱ्यावर नारळ फोडला, चार लोकांना चहा पाजला, संपलं! कागद करायला तलाठ्याकडे गेलं की भावावर भरवसा नाही असं दिसतं, ही आमच्याकडची अक्कल. सातबारा राहिला जुन्याच नावांनी. मागच्या उन्हाळ्यात हरिदास वारला, वारस म्हणून धनंजयचं नाव लागलं, आणि बाबाराव-शकुंतलाबाईचं सारं घर ज्या वावरातल्या भाजीवर चालत होतं, ते विहिरीचं वावर कागदोपत्री त्याचं झालं.

बाबाराव पाय मोडून खाटेवर पडलेला. "जाय, थांबव त्याले!" एवढंच तो ओरडला. कसं थांबवायचं ते काही त्याला सांगता येईना. तिने तोंडावर पाणी मारलं, लुगडं बदललं आणि मिळाली त्या गाडीने सेलू गाठलं.

रजिस्ट्री ऑफिसच्या व्हरांड्यात ही गर्दी! दाराशी शिपाई उभा. ज्यांचा दस्त त्यांनाच आत सोडत होता. बाकावर धनंजय फाईल मांडीवर घेऊन बसला होता, शेजारी मधुकरराव.

"हे का करून राह्यला रे, बापू?"

"माह्यं वावर विकून राह्यलो." त्याने मान वर केली नाही.

"तुया बापानं देल्लं हाय ते आमाले, बदल्यात."

"बापानं?" आता त्याने पाहिलं. शकुंतलाबाईने ज्याला भरवलं, न्हाऊ घातलं, तोच हा, पण डोळे परक्या माणसाचे. "मोठी माय, भर उन्हाळ्यात पाणी देणारी विहीर देऊन डुकरायनं उकरलेलं वावर कोण घेते? जिंदगीभर माह्या बापानं मचाणावर बसून राखण केली, अन् तुमी टमाटे विकले. त्यानं काऊन देलं असन? एक कारण सांग मले."

कारण होतं. हिंगणीतल्या जुन्या माणसांना सगळ्यांना ते ठाऊक होतं. धनंजय पाळण्यात होता तेव्हा त्याची आई, यशोदा, त्या विहिरीत गेली. त्यानंतर हरिदासचा पाय त्या वावरात पडेना. विहिरीचा रहाट दिसला तरी तो थरथरायचा. त्यानेच भावाचे हात धरले, "दादा, मले जंगलाकडचं दे, पण इथून काढ." आणि शकुंतलाबाईकडून शपथ घेतली की पोराला हे कधी कळू द्यायचं नाही, माय तापाने गेली म्हणायचं. अख्ख्या गावाने ते पाळलं. गाव एरवी कोणाचं काही पोटात ठेवत नाही, पण हे ठेवलं!

तोंड उघडलं तर वावर वाचेल, आणि मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडेल. शकुंतलाबाई ओठ दाबून उभी राहिली.

"पाहा, नाई ना सांगता येत!" धनंजय म्हणाला.

तेवढ्यात मधुकररावांचा फोन वाजला आणि ते उसळले. धनंजयला ओळखणारे दोन साक्षीदार लागत होते. एक त्याचा मित्र आला होता, दुसऱ्याची गाडी रस्त्यात बंद पडली. आत नंबर पुकारत होते, आणि ऑफिस बंद व्हायची वेळ होत आलेली.

"मी वळखते ना याले," शकुंतलाबाई म्हणाली.

धनंजय चपापला. मधुकररावांना मात्र आभाळ ठेंगणं झालं. "तुमी कोण याच्या?"

"मोठी माय."

"म्हंजे घरचंच माणूस! मंग तं काही वांधाच नाई. आधार कार्ड हाय ना?"

होतं, पिशवीत. तिला एवढंच कळत होतं की या दाराच्या आत गेल्याशिवाय आपलं कोणी ऐकणार नाही, आणि आत जायला हा एकच रस्ता आहे. धनंजयने फाईल उचलली. त्यालाही काम आजच उरकायचं होतं.

आत रजिस्ट्रार मॅडमने कागद उलटे-पालटे करून पाहिले. "बाई, तुम्ही यांना ओळखता?"

"वळखते, मॅडम. हरिदासचा धनंजय. पण हे वावर आमच्या ताब्यात हाय. बदल्यात घेतलं आमी."

मधुकररावांचा चेहरा पडला. मॅडमने चष्मा काढला. "अदलाबदलीचा दस्त आहे?"

"नाई. तोंडी हाय."

"मग मी काय करू, सांगा. माझ्यासमोर कागद आहे, कागदावर यांचं नाव आहे. तुमची तक्रार असेल तर कोर्टात जा."

"मॅडम, हिचं ऐकू नोका," धनंजय ताडकन बोलला. "चोर हाय हे लोकं! माह्या भोळ्या बापाले फसवून खाल्लं यायनं."

चोर! शकुंतलाबाईच्या डोक्यात असा सणका गेला की शपथ, शब्द, हरिदासचा तो रडवेला चेहरा, सगळं वाहून गेलं.

"कोणाले चोर म्हणतं रे? तुई माय त्या विहिरीत गेली! ताप नाई न् काही नाई. तिले बाहेर काढाले तुया मोठ्या बापानं दोर बांधून उडी घेतली. तुया बापाले ते वावर पाहवत नोयतं, म्हणून त्यानं रडून रडून बदलून मांगतलं. आता सांग, कोणी कोणाले फसवलं?"

कॅमेऱ्यावर फोटो काढणारा पोरगाही माऊस सोडून बघत राहिला. बोलून गेल्यावर शकुंतलाबाईने पदर तोंडात कोंबला.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "विचारणं माझं काम आहे. दस्त वाचला आहे ना? लिहिलंय ते मान्य आहे?"

धनंजयचा अंगठा यंत्राजवळ होता. मधुकरराव म्हणाले, "बोल ना गड्या." तो मात्र टेबलाच्या कडेकडे बघत होता.

"नाई," तो म्हणाला.

"काय नाही?"

"मान्य नाई, मॅडम. वावर माह्यं नाई."

"मग नोंदणी होणार नाही." मॅडमने फाईल मिटली. "आणि दोघं मिळून या कधीतरी. अदलाबदलीचा दस्त करून टाका. ते काम अजूनही होतं."

मधुकरराव बडबडत निघून गेले. शकुंतलाबाई व्हरांड्याच्या पायरीवर बसली. वावर वाचलं होतं, आणि आनंद म्हणावा तर कणभरही नव्हता. कितीतरी वेळाने धनंजय बाहेर आला आणि तिच्या शेजारी बसला, मधे दोन माणसांची जागा सोडून.

"मोठी माय."

"बोल."

"पाय घसरला तिचा?"

शकुंतलाबाईने त्याच्याकडे पाहिलं. त्या सकाळी सगळ्यांत आधी यशोदाच्या घरात तीच शिरली होती. पाळण्यात लेकरू रडत होतं. घरातल्या दोन्ही घागरी काठोकाठ भरलेल्या होत्या, आणि पाणी शेंदायचा दोर खुंटीवर टांगलेला होता. हे तिने बाबारावलाही सांगितलं नव्हतं.

"घसरला रे, बापू," ती म्हणाली. "पाणी भराले गेलती. शेवाळ होतं पायरीवर."